तू बेस खाली ओढलास तेव्हा

सुमेध,

सिरसाळ्याहून अंबाजोगाईच्या दवाखान्याकडे जाताना जीपमध्ये तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस, आणि मी ती दिली नाही. हे आधीच सांगून टाकते. तुला लांबण लावलेली कधी आवडली नाही. इंग्रजीतलं काही वाचून दाखवायला बसले की तू म्हणायचास, "वहिनी, आदी शेवट सांगा, मंग कहाणी."

तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. पदराची घडी करून मी ती मागून दाबून धरली होती आणि ती रक्तानं गरम होत चालली होती. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. तू डोळे उघडे ठेवून, अगदी शुद्धीत, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं म्हणालास, "वहिनी, पिंट्याचं नाव घेऊ नका. कुनालाच नका सांगू." मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. "बोलू नकोस," एवढंच म्हणाले. अंबाजोगाई यायच्या आधीच तू बोलायचा थांबलास. आपल्या सगळ्या भांडणांसारखं हेही अर्ध्यावर राहिलं.

सगळ्यात मोठं भांडण टेक्नोचं, त्या यंत्रावर केलेल्या विलायती संगीताचं.

लोकांना हे सांगितलं तर हसतील. केजमधली एक वहिनी, ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवणारी, आणि तिचा डीजेची गाडी चालवणारा दीर, दोघं घरात कशावरून भांडतात, तर टेक्नोवाल्यांनी ड्रम अँड बेसला काही दिलं की नाही यावरून. माझे सासरे, बापू, बाजेवरून म्हणायचे, "ह्या घरात बाकीच्या घरासारखं भांडन का हुईना?" आपल्या घरात सासू नव्हती, जाऊ नव्हती. मग भांडायला तूच होतास.

मी सिरसाळ्याहून सून होऊन आले तेव्हा तू शाळेत होतास आणि बंद पडलेले रेडिओ उघडून बसायचास. तुझे दादा तहसीलमधून येऊन ओरडायचे, तू ते पुन्हा जोडायचास, आणि दर वेळी एखादा स्क्रू उरायचा. पुढे तू आणि तुझा दोस्त पिंट्या, दोघांनी मिळून गाडी केली. स्पीकरसाठी लाकडाचे खोके स्वतः ठोकले, टेम्पोवर चढवले, लोखंडी पाइपांनी आवळले. ज्या दिवशी पहिल्यांदा आवाज काढला त्या दिवशी माझ्या मांडणीतली ताटं सरकत सरकत खाली आली. मी बाहेर येऊन दोघांना एवढी बोलले की पिंट्या गाडीखाली जाऊन लपला. तू मात्र तिथंच उभा राहून विचारलंस, "पर बेस कसाय, वहिनी?"

मग एका दुपारी तू मोबाइल घेऊन ओट्यावर माझी वाट बघत बसला होतास. "हे काय हाय, सांगा. कुठलं हाय, कुनी केलं, कावून आसं तुटक तुटक वाजतं." कानात घातलंस. मला वाटलं पत्र्यावर गारा पडताहेत आणि खाली कुणीतरी जड जातं ओढतंय. ते इंग्लंडमधलं ड्रम अँड बेस होतं. तिथून आपला अभ्यास सुरू झाला. मी वाचायचे, मराठीत सांगायचे, तू मधेच "थांबा थांबा" म्हणत तेच वाजवून बघायचास.

अमेरिकेतल्या जुन्या रेकॉर्डांमध्ये गाणं थांबून नुसता ढोल वाजतो असे छोटे तुकडे असत. इंग्लंडमधल्या पोरांनी ते कापले, उलटसुलट जोडले, वेगानं पळवले. खालचा जड बेस जमैकाहून आलेल्या लोकांच्या वस्त्यांतून आला. तिथं म्हणे दोन साउंडवाले समोरासमोर खोके लावायचे आणि ज्याच्यापुढून माणसं हलत नाहीत तो जिंकायचा. हे ऐकून तू बाजेवरून उडीच मारलीस. "बापू! आपली कॉम्पिटिशन तिकडं बी हाय!" बापू म्हणाले, "मंग तिकडं बी डोकी फुटत आसतील."

फुटत होती की नाही ते मला सापडलं नाही. इकडं फुटत होती. आष्टीच्या जयंतीच्या मिरवणुकीत समोरच्या गाडीवरून आलेली बाटली पिंट्यानं तुझ्यासमोर येऊन स्वतःच्या भुवईवर घेतली. तुम्ही घरी आलात तेव्हा त्याचा डोळा उघडत नव्हता आणि तो हसत होता. मी जखम धुतली, तू शेजारी बसून त्याला शिव्या देत होतास. "कावून मधी आलास बे? मला लागलं आसतं तर लागलं आसतं." तो म्हणाला, "तुला लागलं तर मिक्सर कोन बघनार? माज्या डोक्यात कुटं मिक्सर हाय?" त्या दिवसापासून तुमच्यातलं देणं-घेणं फिटणार नाही एवढं झालं, हे मला कळत होतं. जीपमध्ये तू ते नाव का झाकायला निघालास, तेही मला कळलं होतं.

तर टेक्नो. तुझं म्हणणं ठाम होतं. टेक्नोचा ठोका सरळ, एकासारखा एक, पोलिसाच्या बुटासारखा. ड्रम अँड बेसचा ठोका मोडलेला, अडखळून पुढे जाणारा. मोडलेला ठोका दुखावलेल्या लोकांचा, सरळ ठोका पोट भरलेल्यांचा. त्याचा याच्याशी काय संबंध, असं तू विचारायचास. मी वाचून सांगितलं की टेक्नो सुरू केलं तेही काळ्या पोरांनीच, अमेरिकेत, मोटारींचे कारखाने बंद पडून ओसाड झालेल्या एका शहरात. तुला ते आवडलं नाही. मी आणखी सांगितलं की तू ज्या गुरगुरणाऱ्या बेसवर जीव टाकतोस, ज्यात दोन आवाज एकमेकांना घासत वर येतात, तो त्याच शहरातल्या टेक्नोच्या एका रेकॉर्डमधून उचललेला आहे. इंग्लंडवाल्यांनी तो ऐकला, घेतला, आणि तो त्यांचा कणा झाला. ते मधूनच येणारे करवतीसारखे सूर, तो अंधारलेपणा, तीही टेक्नोचीच शिकवण.

तू मिक्सरवरचा बेसचा खटका खाली ओढलास. "आता सांगा. बेस गेला. काय ऱ्हायलं?"

"ठोका राहिला."

"मंग ठोकाच बाप."

"ठोका ओढ खाली. आता काय राहिलं?"

तू ओढलास. खाली नुसता तो गुरगुराट उरला. स्वयंपाकघराच्या भिंतीत मुंगी चालल्यासारखं झालं.

"बाप एकच असतो हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हणाले. "गाण्याला बाप नसतो. आज्या असतात, मावश्या असतात, शेजारणी असतात."

"तुमी पुस्तकवाल्या. पुस्तकात काय बी लिवत्यात," म्हणून तू उठलास, आणि चार दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाहीस. पिंट्याला निरोप द्यायचास, पिंट्या मला सांगायचा, "वैनी, त्यो म्हनतोय, टेक्नोवालीचा चहा नको."

मी तुझ्या हट्टाचं मूळ समजून होते. ते बापूंच्या हातात होतं. बापूंचे वडील हलगी वाजवायचे. गावच्या लग्नात पुढं, मयतीत पुढं, आणि जेवायला मागं. धर्म बदलला तेव्हा त्यांनी ती हलगी सगळ्यांसमोर पायाखाली फोडली, आणि त्या घरात पुन्हा चामडं वाजलं नाही. पण बापूंचा हात लहानपणीच शिकून बसला होता. तू किती दिवस त्यांच्या मागं होतास. "एकदा वाजवा, मला तेवढंच कापून घ्यायचंय." बापू म्हणायचे, "आमच्या बापानं फोडली. मी हात लावनार न्हाई." मग एका सकाळी ते धान्याच्या कोठीचं झाकण मांडीवर घेऊन बसले, दोन काटक्या घेतल्या आणि म्हणाले, "ही हलगी न्हाई. हे झाकन हाय. काय घ्यायचं ते घे." तू मोबाइल झाकणापुढं धरलास. बापूंनी वाजवलं. तो पत्र्याचा आवाज अजून माझ्या दातांत आहे. मारल्यासारखं वाजवत होते ते. कुणाला मारत होते ते मी विचारलं नाही. संपल्यावर त्यांनी झाकण कोठीवर ठेवलं आणि तोंड धुवायला निघून गेले.

तोच ठोका तू कापलास, पळवलास, आणि तुझ्या गाडीवर आणलास. म्हणून तुला तो कुणाबरोबर वाटून घ्यायचा नव्हता. मला ते मान्य होतं, तरी मी खोटं कसं म्हणणार? जे जिथून आलं ते तिथून आलं असं म्हणावं लागतं. आवडो न आवडो. तुझ्या-माझ्यात भांडण होतं ते एवढंच, आणि त्यासाठी मी तुझी आयुष्यभर ऋणी राहीन. कॉलेजात मी वर्षानुवर्षं पोरांना निबंध लिहायला देते, पण एखाद्या प्रश्नाचं खरं उत्तर काय यावर चार दिवस चहा सोडून रुसणारा विद्यार्थी मला तू एकच मिळालास.

आता सिरसाळा.

माझ्या माहेरची जयंती. त्यांची गाडी करणची, माझ्या भावाच्या गल्लीतला पोरगा. पाहुण्यांची गाडी म्हणून तुमची बोलावली. दोन्ही गाड्यांवर निळे झेंडे. दुपार उतरत होती तरी डांबर मऊ होतं. मी भावाच्या गच्चीवर उभी होते, चौक अगदी खाली. मंडळाचे निळे टी-शर्ट गल्लीतल्या पोरांना वाटले होते. तू पाणी प्यायला वर आलास तेव्हा माझ्या भावानं एक तुझ्याही अंगात घातला. "पावना हायस, घाल." तू तुझ्या काळ्या टी-शर्टवर तो चढवलास आणि म्हणालास, "आज दोन्ही पार्टीचा मी."

मग माझ्याकडं वळलास. "वहिनी, करन आज टेक्नोच वाजवनार हाय. सरळ ठोका. तर मी त्याला सांगतो, तू वरचं बंद कर, नुसता बेस चालू ठिव. मी माजा बेस बंद करतो, वरून बापूचा ठोका देतो. त्याचा बेस, माजा ठोका. दोन गाड्या, गानं एक. तुमचं खरं का माजं, आज चौकात कळंल." तुझा चेहरा एवढा उजळला होता की मला तुझ्या गालाला हात लावावासा वाटला. लावला नाही.

तू खाली गेलास. गाड्या समोरासमोर आल्या. पहिला अर्धा तास नेहमीचंच. इकडून दणका, तिकडून दणका, गच्चीचा कठडा हाताखाली थरथरत होता, समोरच्या घराची काच फुटून पडली तरी तिचा आवाज आला नाही. खाली पोरं एकमेकांच्या छातीवर छाती आणून नाचत होती, मग ढकलाढकली, मग कुणीतरी कुणाच्या कानाखाली दिली. एक चप्पल उडाली, मग पाण्याची बाटली, मग अर्धी वीट. कडेच्या बायका लेकरांना ओढून घरात शिरल्या.

त्या गर्दीतच मी तुला तुमच्या मिक्सरवर वाकलेलं पाहिलं. तू बेस खाली ओढलास. गाणं तसंच चालू ठेवलंस, उडी मारून उतरलास आणि माणसांमधून वाट काढत करणच्या गाडीवर चढलास. त्याच्या कानात बोललास. करणनं मान हलवली. त्याचा सरळ ठोका गेला. राहिला तो खालचा गुरगुराट, आणि त्याच्यावर, पलीकडच्या गाडीवरून, बापूंचा पत्रा.

सुमेध, ते बसलं. थोडाच वेळ, पण बसलं. मी इतकी वर्षं पुस्तकातून वाचलेलं मला पायाच्या तळव्यात ऐकू आलं. तू करणच्या खांद्यावर हात टाकून गच्चीकडं बघितलंस. आपल्या दोघांतलं कोण बरोबर निघालं हे तू विचारत होतास का कबूल करत होतास, ते मला वरून कळलं नाही.

केजच्या पोरांना मात्र एकच कळलं. आपल्या गाडीचा बेस गेला. कॉम्पिटिशनमध्ये ज्याचा बेस गेला तो मेला. "वायर तोडली! सिरसाळ्यानं वायर तोडली!" तुमच्या गाडीपुढून ओरडा झाला. तू काय ठरवलं होतंस ते पिंट्याला ठाऊक नव्हतं. तुला सांगायला वेळ मिळाला नसेल, किंवा त्याला चकित करायचं असेल. तो खोके आवळायचा पाइप उपसून धावला. त्याला करणच्या शेजारी मिक्सरवर वाकलेली एक निळी पाठ दिसली. मी गच्चीवरून तुझं नाव घेऊन किंचाळले. त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही.

त्यानं दोन्ही हातांनी मारलं. तू करणच्या अंगावर पडलास आणि दोघं गाडीवरून खाली आलात. पिंट्यानं तुला उलटं केलं, दुसरा घाव घालायला. मग पाइप त्याच्या हातातून सुटला. त्याचं उघडं तोंड मी पाहिलं. पुढच्या क्षणी केजची पोरं आली आणि त्यांनी करणला केसाला धरून, लाथांनी, त्याच वाजणाऱ्या बेसच्या तालात तुडवलं. पोलीस आले तेव्हा सगळे एकच सांगत होते, करणनं मारलं. करणचा जबडा मोडला होता. त्याला काही सांगता येत नव्हतं. पोलिसांनी त्यालाच उचलून नेलं. पिंट्या तुझे पाय धरून जीपमागं धावला आणि पडला.

तुला जाळून आल्यापासून तो रोज येत होता. ओट्यावर बसायचा. बाकीची पोरं आत बसून सिरसाळ्याचं काय करायचं ते ठरवायची आणि मी त्यांना चहा द्यायचे. तुझ्यासाठीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकला की तीच गाडी घेऊन जायचं, करणचं घर, त्याची गल्ली, काही ठेवायचं नाही. सगळ्यात मोठ्यानं पिंट्याच बोलायचा. बोलताना माझ्याकडं बघायचा नाही. मी गच्चीवर होते हे त्याला माहीत होतं. त्या गल्लीत माझा भाऊ राहतो हे सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी मी तुझ्या दादांना सांगितलं. त्यांनी हातातला पितळी तांब्या भिंतीवर एवढ्या जोरात मारला की गिलावा पडला. मग माझं मनगट धरलं. "हे तू कुनाला वाचवायला सांगतीस? आँ? माझा भाऊ गेलाय. तुझं माहेर वाचवायला सांगतीस?"

मी म्हणाले, "सोडा. दुखतंय."

"दुखू दे."

बापूंनी बाहेरून ऐकलं होतं. ते दारात आले. त्यांनी एवढंच विचारलं, "पाइप कुनाचा हुता?"

"आपल्याच गाडीचा."

ते दाराची चौकट धरून आत आले. "त्याचा हात सोड," ते दादांना म्हणाले, मग चूक लक्षात येऊन, "हिचा." तूच त्यांच्या मनात होतास. मग मला म्हणाले, "सुमेध काय म्हनला हुता का?" मी सांगितलं. तुझं मागणं मी त्या क्षणापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. बापू म्हणाले, "त्यो मरत हुता. मरत्या मानसाला एकच मानूस दिसतं. तुला आख्खी गल्ली दिसतीय. पर पोलिसाकडं एकली जाऊ नको. माहेर राखलं म्हंतील. इहारात बोल, समद्यांपुढं."

विहारात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. त्रिशरण झालं, पंचशील झालं. माणसं उठून तुझ्याबद्दल बोलली. पिंट्याला उभं केलं. त्याचा आवाज फाटत होता. "रगताचा बदला..." एवढंच बोलला आणि बाहेर गाडीपाशी उभी पोरं आरोळ्या ठोकू लागली. गाडीत पेट्रोलचे कॅन होते. झाकलेही नव्हते.

मी उठले. मला माईक नीट धरता येत नाही, वर्गात कधी लागला नाही. मी म्हणाले, "सिरसाळ्यात आपली वायर कुणी तोडली नाही. बेस सुमेधनं स्वतः खाली ओढला होता." आणि मग पुढचं, जसं पाहिलं तसं, निळ्या टी-शर्टपासून पाइपापर्यंत. पिंट्याचं नाव घेतलं.

लगेच "माहेर राखती! बस खाली!" आणि मागून प्लास्टिकची खुर्ची आली. तिचा पाय माझ्या कपाळाला लागला. एका डोळ्यात रक्त उतरलं. तुझ्या दादांनी मला मागं ओढलं नाही. ते माझ्या पुढं येऊन उभे राहिले, दुसरी खुर्ची त्यांच्या पाठीवर बसली. बापू ओरडले, "आरं, जरा आठवा की! गाडीवर कोन हुतं? बेस कुनी वर केला परत?"

तुमच्याच गाडीवर जनरेटर बघणारा गौतम भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मी केला वर." मग हळू, "खटका खालीच हुता. वायर सगळी लावलेली हुती."

एवढ्यानं फिरलं. जी पोरं सिरसाळा जाळायला निघाली होती ती पिंट्यावर तुटून पडली. खुर्च्या, लाथा, कमरेचे पट्टे. त्याच आरोळ्या, नाव तेवढं बदललं. मला वाटलं होतं खरं सांगितलं की हात खाली येतात. येत नाहीत, सुमेध. हातांना माणूस लागतो. मी पिंट्याच्या अंगावर पडले. माझ्या पाठीवर दोन बसले आणि कुणीतरी "आरं वहिनी हाय, वहिनी हाय" म्हणून ओढायला लागलं. खाली पिंट्या अंग आवरून घेत नव्हता. हात पसरून पडला होता आणि "मारा, मीच हाय, मारा" म्हणत होता. बापूंनी काठी घेतली आणि जो जवळ येईल त्याच्या नडगीवर हाणत राहिले. एवढ्या वयाच्या माणसाला उलटून कोण मारणार? तशी पोरं थांबली.

पोलिसांची जीप आली. गौतमनं आणि आणखी एकानं पेट्रोलचे कॅन उतरवून विहाराच्या मागं नेले. करणचं आता सुटायचं होईल म्हणतात. जबडा जुळायला वेळ लागेल. माझा भाऊ फोनवर नुसता रडला.

पिंट्याला जीपमध्ये बसवलं तेव्हा मी जवळ गेले. त्याचं तोंड सुजून आलं होतं, आष्टीची भुवई पुन्हा फुटली होती. त्यानं जाळीतून विचारलं, "वैनी, सुम्या काय म्हनला का? जीपमदी?"

मी सांगितलं. "तुझं नाव घेऊ नका म्हणाला. कुणालाच सांगू नका म्हणाला."

त्यानं जाळीवर कपाळ आपटलं. परत आपटलं. हवालदारानं मागून धरलं तेव्हा थांबला. मग माझ्याकडं बघून, खरंच कळत नसल्यासारखं म्हणाला, "मंग घेतलं कावून?"

मी म्हणाले, "मी बघितलं होतं, पिंट्या."

त्याला ते पुरलं की नाही ते माहीत नाही. मला पुरलं पाहिजे. तुला पुरणार नाही हे ठाऊक आहे, तू वाद घातला असतास, आणि या वेळी तुझ्या बाजूनंही बरंच काही होतं. जीप निघाली. जाळीला चिकटून तो माझ्याकडं बघत राहिला, शिव्या दिल्या नाहीत, तोंड वळवलं नाही. माझा एक डोळा मिटलेला होता. मी दुसऱ्यानं, जीप वळेपर्यंत, त्याच्याकडं बघत राहिले. त्याला एकटं न टाकणं, तुझ्या मागण्यातलं तेवढंच मला देता आलं.